खांदा उतरलेली सावली

आमच्या घरामागे एका खोलीत एक काका भाड्याने राहतात. मुंबईच्या ट्रामचे जुने फोटो जमवतात. ते फोटो काढले कुणी, हेच त्यांना शोधायचं असतं. बोलताना माझ्याकडे कधी बघत नाहीत, हातातल्या फोटोकडेच बघतात.

"ताई, ट्राम सगळेच बघतात. तुम्ही खाली बघा."

खाली रस्त्यावर फोटो काढणाऱ्याची सावली असते. एक सावली पुष्कळ फोटोंत आहे, डावा खांदा उतरलेली.

"हा माणूस सापडला की मी सुटलो," म्हणतात.

परवा उन्हात त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. मी त्यांचा फोटो कसाबसा काढला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून खालचा भाग बघितला. त्यांच्या पायांशी माझी सावली पडली होती. हंडे वाहून माझा डावा खांदा उतरलाय.

"काका, ट्राम बंद झाल्या तवा मी जल्मले बी नव्हते. मुंबई तर बघितलीच न्हाई."

"ठाऊक आहे," म्हणाले, आणि पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

आता मी अंगणात आले की ते उठून उभे राहतात. आज फोटोंची पेटी त्यांनी माझ्या उंबऱ्यावर आणून ठेवली.

"ज्याचं त्याला दिलं," म्हणाले.

मी ती अजून आत घेतलेली नाही.