दोन्ही रकान्यांत गावचा पत्ता

तुरुंगातल्या कायदा मदत केंद्रात आठवड्यातून एक दिवस माझी पाळी असते. जामीन मंजूर होऊनही आठवडाभरात सुटले नाहीत अशा कैद्यांची यादी तुरुंगाकडून येते. त्यांना भेटायचं, काय अडलंय ते विचारायचं आणि न्यायालयात अर्ज करायचा, हे माझं काम. बहुतेकांचं अडतं एकाच जागी: दिल्लीत त्यांना जामीन राहायला कुणी तयार नसतं.

त्या महिन्याच्या सुरुवातीच्या यादीत एका नावापुढे महाराष्ट्र लिहिलेलं होतं. तो समोर येऊन बसल्यावर मी सरळ मराठीत विचारलं, "कुठल्या गावचे?"

माणूस दचकलाच. चाळिशीचा असेल, हातांवर भाजल्याचे जुने डाग. "मॅडम, तुम्ही आपल्याकडच्या?" मग म्हणाला, "मी सांगलीकडचा. गलाईवाला." म्हणजे सोन्याचांदीचा चुरा भट्टीत गाळून शुद्ध धातू काढणारा. त्या भागातली माणसं या कामासाठी देशभर पांगली आहेत. हा ज्या दुकानात कामाला होता तिथे चांदी कमी भरली आणि मालकाने त्याच्यावर चोरीची फिर्याद दिली. आपण घेतली नाही, असं त्याचं म्हणणं. ते खटल्यात ठरेल. माझ्यापुढचा प्रश्न एवढाच होता की जामीन मिळूनही तो आत होता.

"गावाकडचे गलाईवाले असतील ना इथे? त्यांतला कुणी जामीन राहील?"

"हायेत की. पण सगळे त्याच बाजारात. माझ्यासाठी सही केली तर उद्या त्यांना काम कोण देईल?" मग म्हणाला, "बायको आणि पोरगी गाझियाबादला खोलीवर हायेत. खोलीवाला म्हणतो महिनाअखेर खाली करा. त्याच्या आत मला काढा, बास."

जामीनदार मिळत नसेल तर स्वतःच्या हमीवर सोडा, असा अर्ज करता येतो. त्यासाठी कैद्याच्या परिस्थितीचा एक फॉर्म भरायचा असतो आणि त्यातल्या पत्त्याची पोलीस खातरजमा करतात. पत्त्याला दोन रकाने: सध्याचा आणि कायमचा.

"खोलीचा पत्ता काय लिहू?"

"त्या खोलीचं काय घेऊन बसलात? आज हाय, उद्या न्हाई. गावचाच लिवा. तिथं कुणालाबी विचारा."

आणि मी दोन्ही रकान्यांत गावचा पत्ता लिहिला.

ही चूक त्याची नव्हती. मी घरातली पहिली पदवीधर. वडील बाजार समितीत हमाल होते. शिष्यवृत्तीचा माझा पहिला फॉर्म शाळेतल्या सरांनी समोर बसवून भरून घेतला होता, आणि तेव्हा सांगितलं होतं की भाड्याचं घर हा मुक्काम, पत्ता म्हणजे आपलं गाव. त्या फॉर्ममुळेच मी पुढे शिकले, त्यामुळे त्यांचा शब्द मनात पक्का बसला. दिल्लीत मुनिरकाला भाड्याने राहून सहा वर्षं झाली तरी माझ्या आधार कार्डावर गावचाच पत्ता आहे. म्हणून त्या गलाईवाल्याचं बोलणं ऐकताना मला जराही खटकलं नाही.

कागद गावच्या पोलीस ठाण्यात गेला. अहवाल यायला दोन आठवडे लागले. अहवाल उत्तम होता: घर स्वतःचं, आईवडील तिथेच, गावात काही तक्रार नाही. मी खुशीत न्यायालयात उभी राहिले.

न्यायाधीशांनी कागद चाळला. "वकील साहिबा, ये आदमी रहता कहाँ है? समन भेजना हो तो सांगली भेजूँ?"

सरकारी वकील हसले. "जनाब, ये तो छूटते ही गाड़ी पकड़ लेगा."

गाझियाबादच्या खोलीचा माझ्या फॉर्ममध्ये उल्लेखच नव्हता. मी चूक माझी आहे असं सांगितलं आणि दुरुस्त पत्ता देण्यासाठी मुदत मागितली. पुढची तारीख सत्तावीस मिळाली.

दुसऱ्याच दिवशी मी त्याच्या बायकोला फोन करून पत्ता घेतला आणि गाझियाबादला गेले. पोलीस खोली बघायला येतील तेव्हा घरमालकाने होय म्हणायला हवं होतं. तो दारातच खुर्ची टाकून बसला होता. माझ्या मागे कैद्याची बायको उभी होती, तरी तो म्हणाला, "मैडम, मेरे यहाँ तो कोई किराएदार ही नहीं है."

कारण कळलं. त्याने एकाही भाडेकरूची पोलिसांत नोंद केली नव्हती. आता होय म्हटलं तर आपणच अडकू, ही त्याची भीती.

बायको पुढे आली. "अच्छा? तो अम्माजी की चेन में टाँका किसने लगाया था भाईसाहब? किराएदार नहीं था तो कौन था, आपका जमाई?"

आतल्या खाटेवरून घरमालकाच्या म्हाताऱ्या आईचं हसू ऐकू आलं. "टाँका तो पक्का लगाया था. अब तक नहीं टूटा." मग मुलाला म्हणाली, "झूठ मत बोल. लिख दे, रहता है."

नोंद उशिरा का होईना करता येते, हे मी त्याला समजावलं आणि तिथेच ओट्यावर बसून त्याचा फॉर्म भरला. प्रत्येक ओळ आधी विचारली, मग लिहिली. खोली खाली करण्याचं काय, असं मी विचारायच्या आत म्हातारी म्हणाली, "केस निबटने दे, फिर देखेंगे." मुलाने मान हलवली.

दोन दिवसांनी हवालदार आला, खोली बघून गेला. सत्तावीसला न्यायाधीशांनी स्वतःच्या हमीवर सुटकेचा आदेश दिला. अट एक होती: दर सोमवारी पोलीस ठाण्यात सही.

अठ्ठावीसला दुपारनंतर तो तुरुंगाच्या फाटकातून बाहेर आला. हातात कपड्यांची पिशवी. मुलगी आधी आईच्या मागे लपली, मग गेली त्याच्याकडे. मी त्याला सांगितलं, "तुमचे आतले तीन आठवडे माझ्यामुळे वाढले. फॉर्म मी चुकीचा भरला होता."

"ताई, गावचा लिवा म्हणून मीच सांगितलं की."

"तुम्ही सांगितलं. पण पुन्हा विचारायचं काम माझं होतं."

त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मी म्हटलं, "सोमवारी ठाण्यात पत्ता विचारतील. काय सांगाल?"

"गाझियाबाद..." तो अडखळला. "गल्ली... पाच का सहा?"

"सात," बायको म्हणाली. "गली नंबर सात, पाण्याच्या टाकीच्या मागं, तिसरं घर. आता तरी पाठ करा."

रिक्षात बसेपर्यंत तो ते पुटपुटत होता.