साडेसहाचं लॉगिन

रघूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहापूरच्या आमच्या दवाखान्यात सर्व्हरवर नवी डिस्क चढवत होते. पलीकडून मामी एवढंच म्हणाली, "गेले गो तुझे मामा..." मी पडद्याकडे पाहिलं. जुन्या डिस्कवरची माहिती नवीवर उतरत होती, वीस मिनिटं बाकी होती. मी थांबले. काम पुरं झालं, तपासलं, आणि मगच मुरबाडला निघाले. "सख्खा मामा गेला आणि ही मशीन कुरवाळत बसली," असं नंतर बरेच जण म्हणाले. म्हणोत बापडे. अर्धवट टाकून आले असते, तर तिरडीवरून उठून मामानेच मला झापलं असतं.

मामाची सगळी नोकरी मुंबईत एका कंपनीची मोठी यंत्रं चालती ठेवण्यात गेली. युनिक्सवरची यंत्रं, काळा पडदा, चित्रं नाहीत, माउस नाही, सगळं टाइप करून सांगायचं. निवृत्त होऊन तो मुरबाडजवळ भातशेती करायला लागला. मी बारावी पास, केसपेपर भरणारी. दवाखान्याला कुणीतरी तसलाच एक सर्व्हर दिला आणि तो सांभाळणारा माणूस वर्षभरात निघून गेला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "कुणाला जमत नसेल तर पुन्हा वह्या काढू." वह्यांत काय सापडणार, कपाळ! डोळखांबकडच्या पाड्यांवरची माणसं कामाला बाहेर जातात, सहा-आठ महिन्यांनी परततात, तोवर कागद हरवलेला असतो. आधी कोणतं औषध चालू होतं, कशाने अंगावर पुरळ उठलं होतं, हे त्या यंत्रालाच माहीत. मी मामाकडे गेले. म्हटलं, मला शिकव.

"कंटाळशील."

"नाय कंटाळणार."

"सगळे असंच बोलतात," असं म्हणून त्याने जुना लॅपटॉप ओटीवर मांडला. मग दर रविवारी सापगावच्या माझ्या घरून स्कूटरने मुरबाड. मामा शिक्षक म्हणून महाखडूस. तयार उत्तर कधी द्यायचा नाही. मी चिडले की शेंगा सोलत बसायचा. दोनदा तर मी रागाने जेवणावरून उठून आले, आणि पुढच्या रविवारी मुकाट्याने परत गेले.

सहा-सात महिन्यांत मला वाटायला लागलं, आता आपल्याला येतं. मग आला परतीचा पाऊस. वीज कडाडली की घरातले सगळे प्लग काढायचे, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. कडकडाट झाला तशी मी धावत गेले आणि चालत्या सर्व्हरचा प्लग ओढला! खाली वीज गेली तरी चालू ठेवणारी बॅटरी होती, भिंतीतला प्लग काढून नीट बंद करायला वेळ होता, पण तेव्हा कुठलं सुचायला... पाऊस थांबल्यावर यंत्र सुरूच होईना. पडद्यावर चुकांच्या ओळींमागून ओळी. मी मामाला फोन लावला. एवढ्या माणसांचं औषधपाणी मी एका झटक्यात बुडवलं होतं.

मामा दुसऱ्या सकाळी पहिल्या एसटीने आला. माझ्या शेजारी खुर्ची ओढून हात काखेत घालून बसला.

"तू कर ना नीट!" मी रडत ओरडले.

"मी करीन. मंग तू काय शिकशील? वाच, काय बोलतंय ते."

वाचलं. एकेक ओळ. डिस्क तपासायला लावली, जे मोडलं होतं ते बाजूला केलं, पावसाच्या आदल्या रात्री आपोआप निघालेल्या कॉपीतून परत आणलं. संध्याकाळी पाच वाजता सगळी नावं पडद्यावर आली. मामाने दिवसभर एका बटणालाही बोट लावलं नव्हतं. उठताना म्हणाला, "वीज पडली असती ना, तरी एवढं नुकसान झालं नसतं." मी रडता रडता हसले.

मागच्या आठवड्यात सर्व्हरवरची, निघून गेलेल्या माणसांची खाती बंद करायला बसले. यादीत मामाचं खातं होतं. अडचणीला मुरबाडहून बघता यावं म्हणून मीच करून दिलेलं. त्याने ते कधी वापरलं नाही, अशी माझी समजूत होती. नोंदी उघडल्या. रोज सकाळी साडेसहाला लॉगिन. रात्रीची कॉपी झाली का, एवढं पाहायचं आणि बाहेर. आजारी पडेपर्यंत एक दिवस चुकला नव्हता. उन्हाळ्यात एकदा कॉपी झालीच नव्हती. मला ते दहा वाजता कळलं होतं, आणि मी घाईघाईने कॉपी काढली होती. मामाने साडेसहालाच पाहिलेलं. दुपारी बाराला पुन्हा आत येऊन, मी कॉपी करून ठेवलीय हे बघून गेला. मला एका शब्दाने बोलला नाही. "अरे, एक फोन करायला काय झालं होतं!" मी रिकाम्या खोलीत मोठ्याने ओरडले. मग पोटभर रडले.

डोळे पुसून खातं बंद करायची कमांड दिली. काम नीट झालं की ही यंत्रं काही बोलत नाहीत, नुसती पुढची कोरी ओळ येते. ती आली.

दुसऱ्या दिवशी चहा ठेवायच्या आधी, साडेसहाला, मी घरून लॉगिन केलं. कॉपी झाली होती. मामा, मी बघितलं रे.