सातव्या होलची साक्ष

अनंतदादा ओव्हाळ टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना शाल दिली आणि मिक्सर दिला. शाल आम्रपालीवहिनींनी कपाटात ठेवली. मिक्सर दादांनी चौथ्या दिवशी उघडला, त्याची मोटर काढली आणि वारज्याच्या फ्लॅटमध्ये बैठकीपासून मोरीपर्यंत हिरवी चटई अंथरली. चेंडू टोकाला मोटर बसवलेल्या वाटीत पडला की मोटर फिरते आणि चेंडू परत दादांच्या पायाशी. वहिनी एवढंच म्हणाल्या, "चटणी आता कितव्या नंबरच्या काठीने वाटू?"

हा माणूस गोल्फ खेळतो हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग त्यांच्या चपलांकडे. बघू देत. दादा गोल्फ खांबावरून शिकलेत. गोल्फ क्लबाच्या मैदानाच्या कुंपणालगत टेलिफोनचे खांब होते. वर चढून लाइन जोडताना खाली साहेब लोक खेळताना दिसायचे. कुठला चेंडू कुठल्या उतारावरून कसा घरंगळतो, ते वरून जेवढं दिसतं तेवढं खालच्याला दिसत नाही. एकदा क्लबातला फोन दुरुस्त केल्यावर तिथल्या एका म्हाताऱ्या सभासदाने गंमत म्हणून हातात काठी दिली. पहिला चेंडू कुठे गेला ते आजतागायत कुणाला सापडलेलं नाही. पण दादा त्या खेळाच्या तावडीत सापडले.

त्यानंतर रजा म्हणजे प्रवास. सात काठ्या सतरंजीत गुंडाळायच्या आणि स्लीपरच्या डब्यात बर्थखाली सरकवायच्या. उटीला धुक्यात त्यांनी नऊ चेंडू हरवले आणि तरी खूश होऊन आले. शिलाँगला चिडाच्या झाडांखाली खेळले. सगळ्यात लाडकं पहाडातलं नालदेहरा. "देवदारांच्या मधून मारायचं, आणि हवा विरळ, त्यामुळे चेंडू लांब जातो. माणसाला उगाच वाटतं आपण तरुण झालो," म्हणतात. प्रत्येक ठिकाणचं गवत कुठल्या बाजूला झुकतं ते त्यांच्या वहीत लिहिलेलं आहे. बाकी लोक फोटो काढतात.

आणि यंत्रं! बुधवार पेठेतले इलेक्ट्रॉनिक्सचे दुकानदार त्यांना 'आले का काठीवाले' म्हणून ओळखतात. लेझरचा लाल ठिपका काठीला चिकटवलेला, फटके मोजायला जुन्या फोनची तबकडी. मुलीने, पूर्वाने, अंतर दाखवणारं घड्याळ दिलं तेव्हा वहिनींनी विचारलं, "गॅसवरचं दूध किती अंतरावर आहे, तेही सांगतं का हो ते?"

मी दादांना पहिल्यांदा भेटले ती भांडायला. आमच्या वस्तीत टँकर चार दिवसांनी येत होता आणि क्लबाच्या गवतावर फवारे. फलक घेऊन गेटवर उभी राहिले. गाड्या काचा वर करून निघून गेल्या. खांद्यावर पिशवी घेतलेला हा एकच माणूस थांबला. मला आत नेलं, पाइपाशी उभं केलं आणि म्हणाला, "वास घे." सांडपाणी शुद्ध केलेलं होतं, वास मात्र पुरता गेला नव्हता. माझं भांडण काही संपलं नाही, पण विषय बदलला. तेव्हापासून एखाद्या रविवारी मी त्यांची पिशवी उचलते आणि अठरा होल त्यांचं डोकं खाते.

त्या क्लबाच्या ओसरीत एक लाकडी फळा आहे. एकाच फटक्यात चेंडू होलमध्ये घातलेल्यांची नावं त्यावर रंगवतात: तारीख, नाव, साक्षीदार. कर्नल आहेत, डॉक्टर आहेत, कारखानदार आहेत. "टेलिफोनवाला एकही नाही," दादा एकदाच म्हणाले होते, चहा ढवळताना. एकतीस वर्षं खेळतायत. यंत्रं, गावं, वह्या सगळं झालं. हे राहिलं होतं.

गेल्या जानेवारीत, सातव्या होलवर, ते झालं. सातवा होल टेकाडामागे. मारताना फक्त निशाणाचा शेंडा दिसतो. दादांनी मारलं. मी बघत नव्हते. कुंपणाशी सुरक्षारक्षक एका बाईला काटक्या वेचू देत नव्हता, मी त्याला कायदा शिकवत होते. टेकाड ओलांडून पोचले तेव्हा दादा निशाणाशी एकटे उभे, चेंडू हातात.

"आत होता?"

"आत होता गं."

"मग उचललात कशाला? मला हाक मारायची!"

"आधी उचलला, मग कळलं."

गोल्फ खेळणारं शेंबडं पोरसुद्धा ही चूक करत नाही. चेंडू आत राहू द्यायचा, माणसं गोळा करायची, दाखवायचा, मग उचलायचा. एकतीस वर्षं वाट पाहिलेला माणूस तेवढं विसरला.

"मी सही करते साक्षीदार म्हणून," मी म्हणाले.

"तू पाहिलास?"

"तुमच्या हातात पाहिला."

"न पाहता पंचनाम्यावर सही करणाऱ्यांना तू चौकात शिव्या घालतेस," दादा म्हणाले. "राहू दे."

मला राग आला, कारण खरं होतं.

सेक्रेटरी श्रीधर परचुरे ओसरीतच होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अभिनंदन. पण चेंडू खिशातूनही निघतो, ओव्हाळ. पाहिलंय कुणी?"

"म्या पाहिलाय की."

इंदुबाई पायरीपाशी खुरपं धूत होत्या. मुळशीकडच्या. बारा वर्षं याच गवतातलं तण काढतात.

परचुरे चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, तुम्हाला खेळातलं काय कळतं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात इंदुबाईच बोलल्या. "खेळातलं न्हाई कळत. गवतातलं कळतं. म्या कडंला झुडपामागं खुरपत व्हते. डावीकडं उंचवटा हाय ना, थितं पडला. तुमी समदी तिकडून उजवीकडं जाईल म्हणता, पर गेल्या महिन्यात म्या थितं माती भरलीया. तवा सरळ आला, हळू झाला, काठाशी थांबला. मला वाटलं, ऱ्हायला. मग गेला. ह्यांनी येऊन वाकून बघितलं आन् तसंच बसलं बराच वेळ. म्या म्हटलं, रडू द्यावं माणसाला, मधी जाऊ नये."

परचुरे उठले, सातव्यापर्यंत चालत गेले, उंचवट्यावरची नवी माती बुटाने चाचपली आणि परत आले.

"पूर्ण नाव सांगा," ते इंदुबाईंना म्हणाले. दादांना नव्हे.

रीत अशी की ज्याने एका फटक्यात घातला त्याने सगळ्यांना पाजायचं. दादांनी ओसरीभर चहा सांगितला, क्रीमरोल सांगितले, मैदानावरच्या बायकांना आधी. मंडळी दादांभोवती जमली: सांगा ओव्हाळ, कसा मारलात? दादांकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. टेकाडामागे गेल्यावर त्या चेंडूचं काय झालं, ते त्यांनी कुठे पाहिलं होतं? त्यांनी खुर्ची ओढली, इंदुबाईंना बसवलं आणि स्वतः समोर पायरीवर बसले.

"काठाशी थांबला, तिथपासून सांगा, इंदुबाई. किती वेळ थांबला?"

"च्या पिऊ द्या की आधी," इंदुबाई म्हणाल्या.