कौलावर घातलेली अट

चित्रकला शिकणारी एक मुलगी माझ्या वडिलांचा फोटो घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा मी तिला बस म्हटले नाही. वडील जाऊन कैक वर्षे झाली, घरात त्यांचा एकही फोटो नाही. मग हिच्याकडे कुठून आला?

जुन्या सरकारी दप्तरात सापडला, म्हणाली. जमिनीची मोजणी झाली तेव्हाचा. असल्या फोटोंवरून तिचा वर्ग नवी चित्रे करून प्रदर्शन भरवणार होता. फोटोत वडील अनवाणी, हातात मोजणीची साखळी, मागे आमची काजूची बाग. शेजारी मोपाला विमानतळ होऊन जमिनींना भाव आल्यापासून आमच्या माळावर कोण कुठले सोंग घेऊन येईल, नेम नाही. देवळाची वर्गणी मागणारे आले, फुलपाखरे बघणारे आले, आणि चहा संपेपर्यंत सगळे जमिनीच्या सर्व्हे नंबरावर उतरले. ही बाग गेली तर आम्ही खायचे काय?

आई आत निजली होती. तिला मी उठवले नाही. फोटो बघून ती चार घरी सांगत सुटली असती.

अडले की आमच्या गोव्यात, पेडण्याला, देवाला विचारतात. चित्र करू द्यायचे का, म्हणून मी देवळात कौल लावला. पुजाऱ्याने देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणे घातले. उजवी पाकळी लगेच पडली, म्हणजे देवाचा होकार. पण माझा संशय देवालाही आवरेना. मुलीला बजावले, "चित्र कर गो, पण आमची जमीन तातूंत दिसूंक नाका." फोटो तिच्याबरोबर परत पाठवला.

प्रदर्शनाला आईला घेऊन गेलो. भिंतीएवढ्या कापडावर वडील उभे होते. बाग नाही, माळ नाही, पायाखाली नुसते कोरे कापड. आधी हायसे वाटले. आता कोणाचा बाप आमची जागा ओळखतो बघू! मग त्या अधांतरी पायांकडे लक्ष गेले आणि माझे डोकेच फिरले. मुलीला बोलावून फैलावर घेतले.

ती शांतपणे म्हणाली, "काका, जमीन दाखोवंक नाका म्हूण तुमीच सांगिल्लें."

तोवर आई कापडाला नाक लागेल इतकी जवळ गेली होती. इतक्या वर्षांनी नवरा दिसत होता. चेहरा तिने लगेच ओळखला. मग पायाखालची जागा शोधू लागली.

"हे खंय उबे आसत रे?"

"माळार गो आई. आमच्या काजींत."

तिने पदराने चष्मा पुसला, परत लावला.

"खंय? माका दिसना."