दाबलं की वाजतं

त्याला खरं नाव होतं, पण ते वापरायची वेळ फारशी कुणावर आली नाही. नळदुरुस्तीचा धंदा, मागच्या खिशात कायम लोखंडी पाना खोचलेला, त्या वजनाने पँट एका अंगाला उतरलेली. म्हणून सगळी गल्ली त्याला पाना म्हणायची. हाकही तशीच जायची, "ए पाना, मोरी तुंबली रे!" आणि पाना निघायचा. बोटं अशी जाडजूड, की त्याने दार वाजवलं तर आतल्याला वाटावं कुणी लाकूड फेकून मारलं.

चाळिशी गाठेपर्यंत पान्याचा आणि संगीताचा संबंध एवढाच, की काम करताना तो गुणगुणायचा आणि घरमालक बाथरूमचं दार ओढून घ्यायचा. मग एकदा बाजारातल्या वाद्यांच्या दुकानात बेसिनचा नळ गळायला लागला. पान्याने वॉशर बदलला आणि हात पुसता पुसता सहज विचारलं,

"मालक, ह्यातलं शिकायला सगळ्यांत सोपं काय?"

"दुसऱ्याच्या हातातलं," दुकानदार म्हणाला. "बघणाऱ्याला वाटतं, ह्यात काय एवढं."

पण दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही. दुकानदाराने त्याला एकेक हातात दिलं. बासरीत पान्याने जीव ओतून फुंकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि पलीकडून नुसता वारा आला. "तुंबलीय," पाना म्हणाला. माउथ ऑर्गन फुंकला तरी वाजे, ओढला तरी वाजे, पण कुठल्या भोकातून काय निघतंय ते दिसेना. आणि न दिसणाऱ्या जोडकामाचा पान्याला पहिल्यापासून राग. चार तारांची पिटुकली गिटार घेतली, तर एक बोट टेकवलं की तीन तारा दबायच्या. खंजिरी जमली, पण तिच्यात गाणं कुठाय?

शेवटी त्याने कीबोर्डची एक पट्टी दाबली. वाजली. सोडली. थांबली.

"अहो, हा तर नळच की!"

"सुरुवातीला सोपा हाच," दुकानदार म्हणाला. "बासरीवाल्याचा महिना पहिला सूर काढण्यातच जातो. हा कुणीही दाबा, सूर चोख. पण सूर चोख निघाला म्हणजे गाणं आलं असं नाही, बरं का."

पान्याने पहिलं वाक्य तेवढं ऐकलं.

त्याच्या डोक्यात एकच गाणं होतं. गाणं तरी कसलं, शीळ. पान्याची आई तो लहान असतानाच गेली, आणि त्याला मोठं केलं ताईने. ताई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी इस्त्री करायची. तिथे यंत्रांचा असा धडधडाट, की बोललेलं शेजारणीला कळायचं नाही. म्हणून ताई शीळ घालायची. शाळा सुटल्यावर पाना चादरींच्या गाठोड्यावर बसून ती ऐकायचा. पुढे ताईचे पुढचे दोन दात पडले आणि शीळ बंद झाली. "हवा निसटते रे," ती म्हणायची. ती शीळ पान्याला बोटांतून काढायची होती, तिच्यासमोर, चार लोकांत. बाकी त्याला संगीतातलं काही नको होतं.

कीबोर्ड घरी आला. पहिला आठवडा बायकोने दात-ओठ खात काढला. मग पान्याच्या वाढदिवसाला तिने त्याला हेडफोन आणले, चांगले, मऊ गादीचे.

"अहो, ह्यात म्हणे फार बारकावे ऐकू येतात."

पान्याला भरून आलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण बायकोने आपलं मन इतकं ओळखलंय हे त्याला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून रोज रात्रीचं जेवण झालं की तो कानांवर गाद्या चढवायचा आणि पट्ट्या बडवायचा. बाहेर नुसतं खटखट ऐकू यायचं, टाइपराइटरसारखं.

बायकोचा भाऊ वायरमन होता. त्याने दोस्तांना धरून एक हौशी वाद्यवृंद काढला होता. गळा न्हाव्याचा, गिटार शाळेतल्या मास्तरांची, ड्रम एका बेकरीवाल्याचे, आणि आवाजाचा सगळा कारभार, म्हणजे मिक्सर, वायरी, स्पीकर, मेहुण्याकडे. वाढदिवस, शाळांची संमेलनं, निवृत्तीचे समारंभ, असले कार्यक्रम ते करायचे. पान्याने एकदा नुसतं सुचवलं, की मीही येऊ का. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पान्याचा टेम्पो उभा होता, पाइप वाहायचा, मागून उघडा, पाच फुटी स्पीकर आडवे मावतील एवढा.

"या की दाजी," मेहुणा म्हणाला. "तुमच्याशिवाय कोण आहे?"

पहिले काही दिवस मास्तरांच्या गॅरेजमध्ये तालीम झाली. मग मास्तर म्हणाले, "तुम्हाला आता तालमीची गरज नाही. तुम्ही थेट कार्यक्रमालाच येत चला." पान्याने हे वाक्य गल्लीत चार घरी सांगितलं.

अशी सहा-सात वर्षं गेली. स्टेजवर पान्याच्या पायाशी एक छोटा स्पीकर त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला असायचा, त्यातून त्याला स्वतःचं वाजवणं मोठ्याने ऐकू यायचं. कधीकधी दूर हॉलमधून तेच सूर थोडे मागेपुढे येऊन आदळायचे. त्याने विचारलं, तर मेहुणा म्हणाला, "हॉल घुमतो, दाजी." पान्याला पटलं. लांब पाइपातही पाणी असंच मागाहून धडका देतं. लोक टाळ्या वाजवायचे. कुणी कधी त्याची एक चूक काढली नाही. धंद्यात दहा कामं चोख केली तरी अकराव्या घरी बाई बोट दाखवायचीच, "इथून अजून ओलं आहे." इथे एवढी वर्षं कुणाला ओलं दिसलं नाही. ह्यात काही काळंबेरं असेल असं मात्र पान्याच्या मनात आलं नाही. कौतुकाच्या पाण्याला कुणी गाळणी लावत नाही.

आणि मग ताई निवृत्त झाली. इस्पितळाने एक हॉल घेतला, धुलाईखान्याच्या बायकांनी वर्गणी काढली, आणि वाद्यवृंद अर्थातच घरचाच ठरला. पान्याने मास्तरांना शीळ गुणगुणून दाखवली. शेवटच्या गाण्याआधी तो एकटा वाजवणार होता. महिनाभर त्याने दुसरं काही वाजवलं नाही. चौथ्या वळणावर मधलं बोट शेजारची पट्टी दाबायचंच, दहादा दाबायचं, अकराव्यांदा कधी नाही दाबायचं.

त्या संध्याकाळी हॉल भरला होता. ताई पहिल्या रांगेत, नवे कपडे, आणि खुर्चीत असं अंग चोरून बसलेली, जणू खुर्ची कुणी परत मागणार आहे. दोन गाणी झाली आणि हॉलचा व्यवस्थापक स्टेजच्या कडेला येऊन हात हलवायला लागला.

"प्लंबर आहे ना तुमच्यात कुणी? बाथरूममधला पाइप फुटलाय! पाणी पार बाहेर आलंय!"

"जा दाजी," मेहुणा म्हणाला. "पुढचं गाणं आम्ही तुमच्याशिवाय उरकतो."

"अरे, पण मधला तुकडा माझा आहे!"

"गिटारवर भागवू. जा तुम्ही."

पान्याने बाह्या वर केल्या आणि पळाला. बाथरूममध्ये बेसिनखालचा सांधा सुटून फवारा भिंतीवर उडत होता. तो आडवा झाला, चिंब भिजला, कोपऱ्यातला गंजका कॉक पान्यात धरून पिळला. फवारा थांबला. आणि पाणी थांबलं तसं बाहेरचं गाणं स्वच्छ ऐकू आलं.

न्हावी गात होता. गिटार वाजत होती. आणि कीबोर्ड वाजत होता.

पान्याला आधी बरंच वाटलं. गाणं मोकळं पडलं नाही, कुणीतरी सांभाळलं. मग मधला तुकडा आला, त्याचा तुकडा, आणि आला तो असा, की जणू ओल्या फरशीवरून साबण घसरत जावा. जिथे पान्याचं बोट दर वेळी अडखळायचं, तिथे तो अडखळला नाही. पाना बेसिनखाली पडल्या पडल्या आपल्या हातांकडे बघत राहिला. दोन्ही हात इथेच होते. वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवणारा दुसरा कुणी नव्हता.

मेहुण्याचा हात सवयीने गेला होता, दुसरं काही नाही. गाणं सुरू झालं की फोनवरचं बटण दाबायचं, हे इतकी वर्षं अंगवळणी पडलेलं. दाजी जागेवर नाहीत, एवढं त्या हाताला कुठून कळणार?

पाना ओल्या कपड्यांनी परत आला तेव्हा मेहुणा स्टेजच्या बाजूला मिक्सरशी उभा होता, आणि पान्याची बायको त्याच्याजवळ. मिक्सरमधून एक वायर निघून मेहुण्याच्या फोनमध्ये गेली होती. पान्याला वायरींमधलं कळत नव्हतं, पण कुठून काय येतं आणि कुठे जातं, हे बघण्यातच त्याचा जन्म गेला होता.

"माझी वायर कुठाय?"

मेहुण्याने हाताने फोन झाकला. बायकोने पर्सची चेन उघडली आणि बंद केली.

"माझी तेवढी पायाजवळच्या खोक्यात जाते. होय ना?"

"दाजी, आता कसं सांगू... मास्तरांच्या ओळखीची एक मुलगी आहे, ती आधीच वाजवून फोनवर भरून देते. तुमचा आवाज बाहेर सोडला असता, तर कार्यक्रम मिळाले नसते."

"मग काढायचं ना मला! तोंडावर सांगायचं, की तुला येत नाही. का नाही सांगितलं? टेम्पो माझा म्हणून?"

मेहुण्याने 'तसं नाही' म्हणायला तोंड उघडलं, पण शब्द यायला जरा उशीर झाला. तेवढ्या उशिरात पान्याला उत्तर मिळालं.

तो बायकोकडे वळला. "आणि तुझे ते हेडफोन?"

"अहो, ताईंचा कार्यक्रम तेवढा होऊ द्या. घरी बोलू."

पान्याने ओला पाना मागच्या खिशात खोचला. मेहुणा काय, न्हावी काय, ते वाजवणारे लोक, त्यांना कार्यक्रम हवे होते. पण ही घरात त्याच्या शेजारी बसून ती खटखट ऐकायची आणि वर म्हणायची, आज छान जमलंय वाटतं.

स्टेजवरून मास्तरांनी माइकवर नाव पुकारलं. आता ताईंच्या भावाकडून ताईंसाठी. टाळ्या पडल्या. पाना ओल्या पँटने जाऊन बसला. मेहुण्याला वाटलं, दाजींनी गिळलं. त्याने बटण दाबलं.

शीळ सुरू झाली. हॉलभर, गोल, चोख. पहिल्या रांगेत ताईने मान वर केली, तिने ओळखली. तिचे ओठ आपोआप शीळ घालायच्या बेतात पुढे आले.

पान्याने दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलले आणि मांडीवर ठेवले.

कीबोर्ड वाजतच राहिला. धुलाईखान्याच्या बायकांतली एक ओरडली, "अगं बाई, भुताटकी!" आणि हसण्याची लाट उठली. मग ती लाट मध्येच बसली, कारण स्टेजवरचा माणूस हसत नव्हता. न्हाव्याने पाठ फिरवली. मास्तर गिटारच्या खुंट्या पिळायला लागले. मेहुणा फोनशी झटापट करत होता, चौथं वळणही झकास पार पडलं, आणि मग एकदाचं सगळं बंद झालं.

पान्याने पायाने पायाशी ठेवलेला छोटा स्पीकर ढकलला, वळवला, त्याचं तोंड लोकांकडे केलं, आणि वाजवायला लागला.

वाईट वाजलं. आवाज तिसऱ्या रांगेपुढे गेला नाही, आणि त्या तीन रांगांना वाटलं, नसता आला तरी चाललं असतं. बोट जाईल तिथे दोन-दोन पट्ट्या दबत होत्या. पाना पहिल्यांदाच लोकांच्या कानांनी ऐकत होता. चौथ्या वळणावर तो पडला, उठला, परत पडला, पण शेवटपर्यंत गेला.

कुणाला टाळी वाजवावी की नाही कळेना. ताई पुढे झुकली.

"हे कुठलं रे?"

"तुझीच शीळ."

"माझी?" ताईने चेहरा आक्रसला. तिला खोटं बोलता येत नव्हतं, आणि त्या दिवशी तरी पान्याला ते नकोच होतं. "आधी लागली होती ती माझी होती बाबा. ही कुठली, कुणास ठाऊक."

दुसऱ्या दिवशी मेहुणा दारात आला. टेम्पोत स्पीकर तसेच पडून होते, ते न्यायला आला, की माफी मागायला, ते त्याचं त्यालाही ठरवता येईना. जाता जाता म्हणाला, "दाजी, शनिवारी एक कार्यक्रम आहे. येताय ना?"

"माझा आवाज बाहेर सोडशील?"

मेहुणा पायातल्या चपलेकडे बघत राहिला.

"मग टेम्पो दुसरा बघ."

त्या रात्री जेवण झाल्यावर बायको भांडी आवरत होती. पान्याने हेडफोन डब्यात घातले आणि डबा माळ्यावर टाकला. कीबोर्ड उचलून स्वयंपाकघरात आणला, ओट्याजवळच्या टेबलावर ठेवला आणि आवाज पूर्ण वाढवला.

"बस," तो म्हणाला.

"अहो, भांडी..."

"राहू देत. बस."

ती बसली. त्याने शीळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवली. ती हलली नाही. त्याने परत वाजवली. शेजाऱ्यांनी खिडकी आपटून बंद केली. तिसऱ्यांदा वाजवताना तिने ओल्या हाताचं एक बोट वर केलं.

"इथे चुकता तुम्ही."

पान्याने तिच्याकडे पाहिलं. मनातलं गेलं नव्हतं, आणि इतक्यात जाणारही नव्हतं.

"कुठे? नीट सांग," तो म्हणाला, आणि पुन्हा पहिल्या पट्टीवर आला.