धरा-सोडा बाईंची भिंत

सुट्टी लागली की त्या घरात बाथरूमवरून खटके उडायला लागत.

एरवी घरात माणसं तीनच. बाई, बाईंचे यजमान आणि यजमानांची थोरली बहीण, म्हणजे बाईंच्या वन्सं. तिघांच्याही आंघोळी सकाळी लवकर उरकत आणि मग बाथरूम दिवसभर बाईंच्या ताब्यात. खिडकीला काळी चादर, वॉशिंग मशिनवर आडवी फळी, फळीवर फोटो मोठे करायचं जुनं यंत्र, खाली ओळीने तीन ट्रे आणि आरशाच्या डोक्यावर लाल दिवा. पण हिवाळ्याच्या सुट्टीत लेक आणि जावई राहायला येत. जावयाला सुट्टीत उशिरा जाग येई आणि तो टॉवेल खांद्यावर टाकून नेमका लाल दिवा लागल्यावर दाराशी येऊन उभा राही.

"आई, तुम्ही आत आहात?"

"आहे. दाराला हात लावू नका. कागद उघडा आहे."

"किती वेळ लागेल?"

"ते कागदाला विचारते आणि सांगते."

स्वयंपाकघरातून वन्संचा आवाज येई. "जावईबापू, या घरात आंघोळ करायची तर आधी निगेटिव्ह व्हावं लागतं. मग लगेच आत घेते ती."

यजमान आयुष्यभर पाणीपुरवठा खात्यात होते. ते पेपरमागून म्हणत, "आत घेईल, पण टाकीत पाणी कुठे ठेवलंय? सकाळपासून फोटोच आंघोळ करताहेत."

बाई आतून हसत, पण दार उघडत नसत.

बाई पूर्वी सरकारी इस्पितळात एक्स-रे काढत. नोकरीला लागल्या त्या खोलीतच निवृत्त झाल्या. खोली थंड असायची, भिंती हिरव्या. समोर घाबरलेला माणूस उघड्या अंगाने उभा. बाई त्याला सांगत, "छाती पाटीला टेकवा. हनुवटी वर. खांदे पुढे. आता श्वास घ्या. धरा." मग आडोशामागे जाऊन बटण दाबत आणि म्हणत, "सोडा." सगळ्यांना तेच शब्द, त्याच पट्टीत. सगळं इस्पितळ त्यांना 'धरा-सोडा बाई' म्हणायचं आणि बाईंना त्याचं काही वाटायचं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुना कॅमेरा विकत घेतला. कुणी विचारलंच तर सांगत, "माणसं आतून पुष्कळ पाहिली. आता बाहेरून बघते."

गल्लीच्या टोकाला वाचनालय होतं. तिथल्या मोठ्या खोलीची एक लांब भिंत दर हिवाळ्याच्या सुट्टीत गावातल्या कुणा हौशी माणसाला मिळे. आधी जलरंगवाल्याला मिळाली, मग काड्यापेट्या जमवणाऱ्याला. बाई दर वर्षी विचारत आणि दर वर्षी पुढच्या वर्षीचं आश्वासन घेऊन परत येत. या वर्षी भिंत त्यांची होती. त्यांनी गल्लीतल्या माणसांचे फोटो काढले होते, प्रत्येक जण आपापल्या कामाच्या जागी. सुट्टी सुरू झाली तशी त्या गठ्ठा घेऊन ग्रंथपालाकडे गेल्या आणि टेबलावरची पुस्तकं बाजूला सारून फोटो मांडले.

ग्रंथपाल हडकुळा, पन्नाशीचा, बोलायला सरळ माणूस होता. त्याने एकेक फोटो पाहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिला.

"काकू, रागावणार नसाल तर बोलतो."

"रागवायचं की नाही ते ऐकल्यावर ठरवेन."

"फोटो स्वच्छ आहेत. केस न् केस मोजावा असे. पण ही सगळी माणसं एकाच दवाखान्याच्या रांगेत उभी आहेत असं वाटतं."

"म्हणजे काय?"

"सगळ्यांची हनुवटी वर, खांदे पुढे, छाती फुगलेली. हा आपला न्हावी बघा. माझी दाढी करताना हा इतका सैल असतो की वस्तरा कुठे जाईल याची मला धास्ती वाटते. इथे हवालदार दिसतोय."

बाईंच्या नाकाचा शेंडा लाल झाला. "फोटोला माणूस नीट उभा राहतोच."

"राहतो. भिंत तुमचीच आहे, काकू, ती कुणाला देत नाही. सुट्टीच्या शेवटच्या रविवारी उघडायची. हेच लावा म्हणालात तर हेच लावू. तुम्ही विचारलंत म्हणून बोललो."

बाई घरी आल्या आणि त्यांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरून एकामागून एक पाहिले, जसे पूर्वी डॉक्टरांच्या आधी त्या स्वतः एक्स-रे पाहून घेत. इस्त्रीवाली, न्हावी, पोस्टमन, अंडीवाला. सगळ्यांच्या गळ्याच्या शिरा ताठ होत्या. डोळे हुकूम ऐकत होते. इतके दिवस हे आपल्याला दिसलं कसं नाही? फोटो काढतानाही त्या तेच 'धरा, सोडा' म्हणत होत्या, हे त्यांना आत्ता कळत होतं. बोटाला कॅमेऱ्याचं बटण लागलं की जिभेवर आपोआप ते शब्द येत.

वन्संनी खांद्यावरून डोकावून पाहिलं. "फुगे आहेत सगळे. टाचणी लावलीस तर फुटतील."

"मग आधी का नाही बोललात?"

"मी रोज बोलते. तू बाथरूमात असतेस."

यजमान म्हणाले, "एवढं काय? ते शब्द टाकून दे. गप्प राहून काढ."

"बघते," बाई म्हणाल्या. त्यांना ते पटलं नव्हतं, पण करून पाहायला त्यांची कधीच ना नसे.

दुसऱ्या दिवशी धुकं विरल्यावर त्या न्हाव्याच्या दुकानात गेल्या. तोंड मिटून कॅमेरा वर उचलला. न्हाव्याने गिऱ्हाईक तसंच साबणात सोडलं, टाचा जुळवल्या, हनुवटी वर केली आणि ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाला, "धरला, काकू!"

"धरू नकोस."

"मग काय करू?"

"काहीच करू नकोस."

"काही न करता उभं कसं राहायचं?" तो खरंच गोंधळला. साबणातलं गिऱ्हाईकही आरशात श्वास धरून बसलं होतं.

इस्त्रीवालीकडे तेच. पोस्टमनकडे तेच. अंडीवाल्याने तर बाई लांबून दिसताच खांदे पुढे घेतले. गेल्या पावसाळ्यापासून बाईंनी सबंध गल्ली पढवून ठेवली होती आणि गल्ली आता विसरायला तयार नव्हती.

बाई घरी येऊन नीट जेवल्या. वाईट वाटलं की भूक मरावी, अशी त्यांची जात नव्हती. जेवताना यजमानांना म्हणाल्या, "शब्द टाकून चालणार नाही."

"का?"

"त्या शब्दांवर माणसं माझ्या हवाली व्हायची. कुणाला काय निघेल याने धडधडत असायची, पण मी 'धरा' म्हटलं की धरायची. आईबापाचं ऐकत नसतील अशीसुद्धा. ते मी टाकून द्यायचं आणि त्यांच्यासमोर मुकं उभं राहायचं? चूक शब्दांत नाही. कुठे आहे ते सापडेल."

"सापडेल," यजमान म्हणाले आणि त्यांनी भाजी पुढे सरकवली. बायकोला एखादी गोष्ट सापडेल असं वाटलं की ती सापडते, हे त्यांनी अनेकदा पाहिलं होतं. मधल्या काळात घरात कुणाला काय सोसावं लागतं, तेही पाहिलं होतं.

चार दिवसांनी लेकीने टुमणं लावलं. दर सुट्टीत घरच्यांचा एक फोटो निघायचा, तो राहिला होता. जावयाची आंघोळ एकदाची झाली, केसांतून पाणी ठिबकतंय तोच त्याला सोफ्यावर बसवलं. मधोमध वन्सं, एका बाजूला यजमान, दुसऱ्या बाजूला लेक, टोकाला जावई. बाई कॅमेऱ्याच्या तिपाईमागे उभ्या राहिल्या. डोक्यात गल्लीतली माणसं होती, त्यामुळे तोंड आपलं आपण चाललं.

"छाती पुढे. हनुवटी वर. श्वास घ्या. धरा." खट्. "सोडा."

आणि सवयीने त्यांनी पाठ फिरवली.

पाठीमागे कपबश्यांचं काचेचं कपाट होतं. त्या काचेत बाईंना सोफा दिसला. वन्संच्या नाकातोंडातून श्वास आवाज करत बाहेर पडला. यजमानांचे खांदे खाली आले आणि त्या खाली आलेल्या खांद्यावर थोरल्या बहिणीचा हात आपसूक जाऊन पडला. लेकीने नवऱ्याच्या ओल्या केसांना कपाळ टेकलं. आणि जावई, जो लग्नापासून या घरात पाहुण्यासारखा कडेला टेकून बसत आला होता, तो पाय पसरून सोफ्यात घसरला. कुणी कुणासाठी काही धरून ठेवलेलं नव्हतं. काचेतल्या कपबश्यांवर ती चार माणसं तरंगत होती आणि इतकी जवळची बाईंनी ती कधीच पाहिली नव्हती.

मग वन्सं सावरून बसल्या. "झालं? पानं घेऊ?"

बाई तशाच पाठमोऱ्या उभ्या. त्यांना ती हिरवी खोली आठवत होती. आडोशाला एक छोटी काच होती. त्या काचेतून त्या श्वास धरलेला माणूस पाहत. 'सोडा' म्हणायच्या आणि तेवढ्यात वळून फिल्म काढायला लागायच्या, कारण बाहेर पुढचा माणूस खोळंबलेला असे. हजारो माणसांनी त्यांच्या सांगण्यावरून श्वास सोडला होता. त्यांनी तो नुसता ऐकला होता. पाठीने.

"अगं, काय झालं?" यजमानांनी विचारलं.

"कुणी उठायचं नाही," बाई वळल्या. "परत."

"परत कशाला?" वन्सं म्हणाल्या. "डोळे मिटले का कुणी?"

"मीच मिटले होते. बसा. श्वास घ्या."

"आधी धरा, मग सोडा, मग परत घ्या. फोटो काढतेस की बाळंतपण करतेस आमचं?"

लेक खुदखुदली. बाईंनी सगळे शब्द म्हटले, एकही गाळला नाही. 'धरा'ला बोट हललं नाही. 'सोडा' म्हटलं, पाठ फिरवली नाही, आणि वन्संचा श्वास सोफाभर पसरल्यावर बटण दाबलं.

त्याच दुपारी त्या बाहेर पडल्या. आता अडचण उरली नव्हती. गल्लीला जे येत होतं तेच गल्लीकडून करून घ्यायचं होतं. न्हाव्याने टाचा जुळवल्या.

"धर," बाई म्हणाल्या.

"धरला!"

"सोड."

न्हाव्याचं पोट पुढे आलं, एक खांदा उतरला, हातातली कात्री लोंबकळली आणि त्याचा तो ओळखीचा, झोपाळू, सगळं जग माहीत असलेला चेहरा परत जागेवर आला. खट्.

"काकू, चुकलात! उशीर झाला तुम्हाला."

"असू दे."

"परत धरू का?"

"नको. मिळाला."

इस्त्रीवालीने गरम इस्त्री बाजूला ठेवून श्वास धरला, सोडला, आणि बाई चार पावलं जातात न जातात तोच नवऱ्याला म्हणाली, "बाईंचं वय झालं हो. बोट मागे पडायला लागलं." बाईंना ते ऐकू आलं. त्यांनी वळून तिला हात केला आणि मजेत पुढे गेल्या.

पुढचे दिवस बाथरूमला आतून कडी होती. जावई शेजाऱ्यांकडे आंघोळीला जायला लागला आणि त्याचा तिथे चांगला जम बसला. ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर आधी एखादी भुवई येई, मग बाहीची सुरकुती, मग हळूहळू अख्खा माणूस वर येई. लाल उजेडात बाई वाकून बघत राहत. अंडीवाल्याच्या चेहऱ्यावर इतका थकवा होता आणि इतकी माया, की त्याच्याशी आजवर आपण फक्त भावावरून बोललो याचं त्यांना नवल वाटलं.

शनिवारी त्या वाचनालयात गेल्या. ग्रंथपाल शिडी सापडत नाही म्हणून वैतागला होता. बाईंनी फोटो मांडले. या वेळी त्या फोटोंकडे बघत नव्हत्या. त्या ग्रंथपालाकडे बघत होत्या. तो तावातावाने टेबलाशी आला, वाकला, आणि थोड्या वेळाने त्याचे कानाला भिडलेले खांदे हळूच खाली उतरले. नाकातून लांब श्वास सुटला.

बाईंना उत्तर मिळालं होतं. तरी त्यांनी विचारलं, "काय म्हणता?"

"थांबा हो, मी अजून न्हाव्यापाशीच आहे." मग बऱ्याच वेळाने, "यांना तुम्ही केलंत तरी काय?"

"काही नाही. बोट जरा उशिरा दाबलं."

"लावू या. सगळे लावू या." तो शिडी शोधायला निघाला आणि दारातून परत आला. "दाराशी तुमचाही एक हवा, काकू."

बाईंचा फोटोच नव्हता. कॅमेरा कायम त्यांच्याच हातात.

घरी वन्संनी पदर खोचला. "आण इकडे." बाईंनी सगळं जुळवून दिलं, काय दाबायचं ते दाखवलं आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. लेक, जावई, यजमान तमाशा बघायला जमले.

"छाती पुढे," वन्सं म्हणाल्या. "हनुवटी वर. खांदे कुठे गेले? हां. घे श्वास. धर."

बाईंनी धरला. वन्सं कॅमेऱ्यामागून निवांत बघत राहिल्या. त्यांनी एक पाय बदलला. चष्मा वर सरकवला. बाईंचे कान लाल झाले, डोळे विस्फारले.

"ताई, अगं सोड म्हण की तिला!" यजमान ओरडले.

"इतकी वर्षं आम्ही धरला," वन्सं शांतपणे म्हणाल्या. "तिला जरा धरू दे."

बाईंचा श्वास फुटला तो हसण्यातच. खिडकीची चौकट धरून त्या वाकल्या, आणि तेवढ्यात वन्संनी बटण दाबलं.

फोटो थोडा हलला होता, कडेला अर्धी खिडकीच होती आणि एक कान बाहेर गेला होता. बाईंनी तो तसाच मोठा केला, कुठेही कापला नाही. रविवारी तो वाचनालयाच्या दाराशी लागला. न्हावी दुकान बंद करून, केस नीट बसवून आला आणि आत जायच्या आधी फोटोपुढे थबकला.

"काकू, हासुद्धा उशिरा दाबला वाटतं?"

"हो," बाई म्हणाल्या आणि बाजूला होऊन त्याला वाट दिली. "आमच्याकडे आता असाच दाबतात. आत जा, तुझा मधोमध आहे."