माहेरच्या कोंबडीची नऊ अंडी

मला एका जागी बसवत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या वर्षांत राळेगाव तालुक्यात कोणालाच बसवत नव्हतं. कापसानं दगा द्यायला सुरुवात केल्यापासून जो तो काहीतरी नवं करायला धावत होता. कोणी सफेद मुसळी लावली, कोणाच्या दारात जर्सी गाय आली, कोणी शेत बटईनं देऊन नागपूरला वॉचमन व्हायला गेला. मी बी.ए. दुसऱ्या वर्षाला सोडून घरी आलेलो. अंगात रग आणि डोक्यात रोज नवी टूम. आधी शेळ्या केल्या, मग गांडूळखत केलं. शेळ्या रोगानं गेल्या, गांडुळं उन्हानं गेली. बापानं माझ्याशी बोलणं जवळजवळ सोडलंच होतं. तेव्हा माझी नजर मायच्या कोंबड्यांवर पडली.

मायच्या सात-आठ गावरानी कोंबड्या होत्या. दिवसभर अंगणात, उकिरड्यावर टिपत फिरायच्या आणि दिवेलागणीला आपसूक खुराड्यात शिरायच्या. सगळ्या एकाच वंशाच्या. मायचं माहेर ढाणकीच्या बाजूला, तीन एसट्या बदलून जावं लागे इतकं लांब. लग्न होऊन ती आली तेव्हा तिच्या आईनं टोपल्यात घालून एक तलंग दिली होती, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी. आमच्या अंगणातली सगळी प्रजा त्या एका तलंगेची. पुढं आजी गेली, मामा गेला, मामीनं घर विकलं आणि पोराकडे बिऱ्हाड हलवलं. मायला जायला माहेर उरलं नाही. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, पण दाणे टाकताना कोंबड्यांशी बोलायची. “माह्या मायच्या गावची हायेस तू, अशी भेकडासारखी काहून करून राह्यली?” मला तो शुद्ध खुळेपणा वाटायचा.

या कोंबड्यांचा एक गुण गावाला माहीत होता. त्या खुडूक झाल्या, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसल्या, की एकवीस दिवस हटायच्या नाहीत. दिवसातून एकदा उठून चार दाणे खायच्या, घोटभर पाणी प्यायच्या, की परत अंड्यांवर. गावातल्या बाया आपली अंडी घेऊन मायकडे यायच्या. पिल्लं निघाली की निम्मी अंडीवालीची, निम्मी मायची. एखादं वर राहिलं तर ते कोंबडीवालीचं. शेत जसं बटईनं देतात तशीच ही अंड्यांची बटई. गावात मायला कोणी विचारत असेल तर ते या कारणासाठी, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

मला दिसत होतं ते एवढंच, की खुडूक कोंबडी महिना-दोन महिने अंडं देत नाही.

मी यवतमाळहून सुधारित जातीचा कोंबडा आणला. तांबडा, भलामोठा, मुठीएवढ्या तुऱ्याचा. एसटीत मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याच्याकडे पाहत मला विचारलं, “पाव्हना कोन्या गावचा म्हनायचा?” गावात पोचेपर्यंत त्याचं नाव पडलं, सरकारी कोंबडा. माझ्या खिशातून आणलाय हे मी चार जणांना सांगून पाहिलं आणि नाद सोडला.

घरचे दोन गावरानी कोंबडे याच्याशी झुंजायचे. त्यातला एक जावई आले तेव्हा कापला आणि दुसरा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला. रस्सा झकास झाला होता. मी दोनदा घेतला.

मग संकर सुरू झाला. पहिल्या खेपेची पिल्लं वाढायला लागली तशी गावातली माणसं बघायला येऊ लागली. कोंबडे वजनानं दीडपट, तलंगा लवकर अंड्यावर आल्या, अंडंही मोठं. मी हवेत होतो. ज्याच्या त्याच्या अंगणात मी आपला कोंबडा चार-चार दिवस नेऊन सोडला. हळूहळू गावातले बाकीचे कोंबडेही लोकांच्या ताटात गेले, कारण सरकारी कोंबड्यापुढं ते टिकत नव्हते. मायच्या जुन्या कोंबड्या कमी अंडी देतात म्हणून मी एकेक करून बाजारात विकल्या. आणि जी म्हणून कोंबडी खुडूक होईल तिचं बसणं मोडायला माणसं मला बोलवायची. कोंबडीला बादलीतल्या पाण्यात दोनदा बुचकळायचं आणि तिच्याच पंखातलं एक पीस काढून नाकपुड्यांतून आरपार ओवायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. ती बिचारी दोन दिवस डोकं झटकत हिंडते आणि बसायचं विसरते. मी त्यात तरबेज झालो होतो.

मायनं फक्त एकदा हात धरला. काळी-करडी, पायावर पिसं असलेली एक म्हातारी कोंबडी होती, माहेरच्या वंशातली शेवटची. “एवढी राहू दे,” माय म्हणाली. “इले हात लावशीन तं पाहाय.” मी हसलो आणि ती राहू दिली.

त्या वर्षी पावसानं ओढ दिली आणि आम्हाला कपाशी दुबार डोबावी, म्हणजे पुन्हा पेरावी लागली. उरलेल्या बियाण्याची पिशवी मी घाईघाईत ओट्यावर टाकली आणि सायकल घेऊन कुठंतरी निघून गेलो. कुठं गेलो होतो तेही आता आठवत नाही. माझं कोणतंच जाणं इतकं महत्त्वाचं नसायचं. औषध लावलेली, लालभडक सरकी होती ती. दुपारी परतलो तेव्हा पिशवी फाटलेली होती आणि म्हातारी कोंबडी खुराड्याजवळ पाय ताणून पडली होती. माय तिच्याशेजारी बसून होती.

मला ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, घरात गेली आणि वाळू भरलेलं टोपलं घेऊन आली. वाळूवर नऊ अंडी होती. म्हातारी दोन दिवसांपूर्वीच खुडूक झाली होती आणि माय तिला चांगल्या दिवशी बसवणार होती. पहिलं अंडं घातल्याला बारा दिवस होऊन गेले होते. उकाड्यात अंडी आणखी दोन दिवस टिकली तर टिकली, नंतर ती फक्त उकडून खायची.

“कोनाची तरी बसती कोंबडी पाहाय,” माय म्हणाली. “इची एवढी पिल्लं निघू दे.”

त्या दोन दिवसांत मी जितका पळालो तितका आयुष्यात कधी पळालो नसेन. आधी गावातलं घर न् घर विचारलं. एकाही अंगणात कोंबडी खुडूक नव्हती. कशी असेल? निम्म्या माझ्या कोंबड्याच्या लेकी, ज्यांना बसणं माहीत नाही, आणि उरलेल्यांच्या नाकात मीच पिसं ओवलेली. एक काकू हसतच म्हणाली, “तूच तं सांगतलं होतं ना बाबू, बसनारी कोंबडी म्हंजे नुसकान?” मान खाली घालून मी पुढच्या घरी गेलो. मग शेजारची दोन गावं सायकलनं पालथी घातली. तिथंही लोकांनी माझा कोंबडा परस्पर नेऊन आणला होता. तो चार-चार दिवस कुठं कुठं राहून आलाय, हे मला त्या दिवशी दार वाजवत फिरताना कळत गेलं. रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी एकानं सांगितलं, टेकडीपलीकडच्या तांड्यावर एक म्हातारी आहे, तिच्याकडे असेल. मी अंडी टोपल्यात कोंड्यावर ठेवली, वरून कापड बांधलं आणि सायकल खड्ड्यांतून हातात धरून निघालो. तांड्यातले सगळे त्या म्हातारीला याडी म्हणत, म्हणजे आई. मीही याडी म्हणालो. तिच्या घरात कोपऱ्यातल्या चुलीमागं एक भुरी कोंबडी पिसं फुलवून नुसत्या एका दगडावर बसली होती. मला रडू यायचं बाकी राहिलं.

याडीनं एकेक अंडं उन्हाकडे धरून पाहिलं, मग सरळ माझ्याकडे.

“कोंबडी कोनती होती तुही?”

“गावरानी. अस्सल. माह्या मायच्या माहेरची.”

“अन् कोंबडा?”

गावात कोंबड्याची एकच जात उरली होती. घरचे दोन तर मीच रश्श्यात खाल्ले होते. दोन दिवस मी ज्या अंड्यांसाठी जीव टाकत होतो त्यांच्यात निम्मा सरकारी कोंबडा आधीच बसलेला होता. कोंबड्यांच्या संकरावर गावभर भाषणं देणारा मी, आणि हे मला सुचलं नाही!

याडीला माझ्या तोंडाकडे पाहूनच उत्तर मिळालं. “आता आनलेच हायेत तं ठेव,” ती म्हणाली. “बटईनं ठेवते. पन तो कोंबडा इकडं दिसला नाई पाह्यजे मले.”

घरी येऊन मी मायला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, तिनं मान वर केली नाही. “मले माईत नाई का? कोंबड्या तू पाळल्या का म्या?”

“मंग मले काहून धाडलं?”

“अर्धी तरी राहीन म्हून.”

पुढचे एकवीस दिवस मी एक दिवसाआड तांड्यावर जाऊन डोकावत होतो. शेवटी याडीनं मला काठी दाखवली. “तुह्या अशा येण्यानं कोंबडीच उठून पळन!” नऊ अंड्यांतून सात पिल्लं निघाली. चार याडीची, तीन आमची. त्यातलं एक घारीनं नेलं, एक कोंबडा निघाला आणि एक तलंग. काळी-करडी, पायावर पिसं. मायनं तिला पहिल्यांदा उचललं तेव्हा तिच्या तोंडावर जे आलं ते मी नीट बघू शकलो नाही.

बाकी सगळं आता या तलंगेवर होतं. ती बसली, तर मायची कोंबडी अर्धी का होईना, चालू राहणार होती. वर्ष सरता सरता ती अंड्यावर आली. मोठी मोठी अंडी, माझ्या कोंबड्याच्या लेकीसारखी, रोज. आणि एका सकाळी तिनं पिसं फुलवली, हात पुढं केला की गुरगुरायला लागली. माय दिवसभर हसत होती. तिनं अकरा अंडी तिच्याखाली घातली आणि गावात चार घरी सांगून आली, बसली म्हणून. मी खुराड्याच्या आसपास फिरकलोही नाही. घरात मोठ्यानं बोलायचीही मला भीती वाटत होती.

सहा दिवस ती बसली. सातव्या दिवशी सकाळी ती उठली, अंग झटकलं आणि उकिरड्यावर जाऊन टिपायला लागली. आम्ही वाट पाहिली. दाणे टाकून बोलावलं, उचलून परत अंड्यांवर ठेवलं. ती दोनदा उठून गेली.

“तांड्यावर नेतो,” मी म्हटलं. “अजून गरम हायेत.” सायकल काढलीसुद्धा.

“ने,” माय म्हणाली. “अन् त्याच्यातून जे निघन ते बी नाई बसलं तं?”

मायनं एकेक अंडं उचलून पदरात घेतलं, पदर पोटाशी धरला आणि खुराड्याला पाठ लावून बसली. याचं काही होणार नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. मी सायकलचं हँडल धरून तसाच उभा राहिलो. अंडी गार होईपर्यंत ती उठली नाही.